पहिल्या नगाचं कुंकू

माझ्या नवऱ्याचं नाव गजानन, आणि देवाशी त्यांचा संबंध तेवढाच. लग्नानंतर चौदा वर्षांत मी त्यांना देवापुढे हात जोडताना एकदाही पाहिलं नव्हतं. मी मात्र सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं करणारी. शाळेत मुलं बाईंना घाबरतात आणि बाई घरी देवाला घाबरतात, असं हे चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे, मला राग यायचा, आणि राग आला की माझ्या हातून काहीतरी व्हायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्याच हातून झालं.

आम्ही देवगडकडचे. हे सिल्वासात जमीन मोजणीच्या कचेरीत आणि मी मराठी शाळेत. सरकारी क्वार्टर, दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं, पुढच्या खोलीत येणंजाणं. अशा घरात माणसाने छंद करावा तो तिकिटांचा, नाण्यांचा. वहीत मावतो आणि कुणाला दिसत नाही.

समाधान नावाचा धुळ्याकडचा एक कामगार सिल्वासाच्याच आमली भागात राहायचा. चिनी मातीच्या एका कारखान्यात तो साच्यांवर होता. तिथला सगळा माल बोटीने परदेशी जायचा. शहाऐंशी साली त्याला रहिवासाचा दाखला हवा होता आणि कचेरीत कुणी दाद देत नव्हतं. ह्यांनी दोन दिवसांत काम करून दिलं. पैसे घेतले नाहीत म्हणून तो वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. लोणच्याची बरणी असेल म्हणून मी हौसेने कागद सोडला आणि किंचाळलेच.

वीतभर उंचीचा पेला होता. पेला कसला, नुसतं मुंडकं! कपाळाच्या जागी पेल्याचं तोंड, त्याखाली दोन वटारलेले गोल डोळे, आणि त्याखाली कानापासून कानापर्यंत फाटलेला जबडा, दोन्ही ओळी दात दाखवत. रंग तपकिरी, त्यावर हिरवी झिलई ओघळलेली.

"हे काय ध्यान आणलंस रे?" मी म्हणाले.

"भारी माल शे, बाई," समाधान म्हणाला. "अमेरिकाले जातो. टिकी म्हणतात त्याले."

गजाननांनी तो पेला दोन्ही हातांत धरला आणि असा न्याहाळला की लग्नाआधी बघायला आले तेव्हा मलाही तसं पाहिलं नव्हतं. मग हे पाण्यात पडल्यासारखे त्यात पडले. मुंबईला कामासाठी गेले की ग्रंथालयात बसून वहीत उतरवून आणायचे. मला सांगायचे, "प्रशांत महासागरात बेटं आहेत, तिथले लोक लाकडात असे देव कोरतात, पूर्वज कोरतात. अमेरिकेतल्या लोकांनी त्यांचे पेले केले. बारमध्ये त्यातून दारू देतात."

"देवाच्या डोक्यातून दारू?" माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"देव एकाचे आणि दारू दुसऱ्याची," हे म्हणाले.

"मग तुम्ही कशाला मधे पडता?"

"मला चेहरे आवडतात," एवढंच उत्तर.

पुढच्या सहा वर्षांत समाधान दर नव्या साच्याचा एक पेला आणत गेला. तेवीस झाले. ह्यांनी काचेची शोकेस करून घेतली, मागे बांबूची चटई ठोकली, करवंटीचा दिवा टांगला. प्रत्येक पेल्याचं वहीत एक पान. रविवारी दुपारी हे त्याखाली खुर्ची टाकून पहिल्या, वटारलेल्या डोळ्यांच्या पेल्यातून सोलकढी प्यायचे. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, पण खिडकीतून पाहणाऱ्याला काय दिसायचं? राक्षसाच्या टाळक्यातून काहीतरी गुलाबी पिणारा सरकारी नोकर. सिल्वासात दारू गल्लोगल्ली, त्यामुळे लोकांना निदान करायला वेळ लागला नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका आल्या की शोकेसकडे पाठ करून बसायच्या. एकीने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "घरात काही करणी वगैरे केलीये का कुणी?" शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, असलं तोंड नव्या बांधकामावर टांगतात, नजर लागू नये म्हणून, माणसं राहतात तिथे नाही. आमच्या शाळेतल्या ख्रिस्ती बाईंनी उंबऱ्यातच छातीवर क्रूस केला आणि चहा बाहेरच घेतला. सर्वधर्मसमभाव मी वर्गात शिकवत असे, तो प्रत्यक्ष पाहिला माझ्याच घरात. सगळ्या धर्मांचं एकमत झालं होतं की गजानन बिघडले आहेत आणि नलिनीबाईंना काही म्हणता येत नाही.

मला म्हणता येत होतं. मी रोज म्हणत होते. उपयोग शून्य.

ब्याण्णव साली माझ्या थोरल्या दिरांचं पत्र आलं. गावच्या घराच्या वाटण्या झाल्या होत्या, आणि ह्यापुढे प्रत्येक भावाने गणपती आपापल्या घरी बसवावा असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र वाचून मी चक्क रडले, आनंदाने. चौदा वर्षं मी गावी गणपतीला जायची ती चुलीपुढे. तीनशे मोदक वळायचे, पत्रावळी मांडायच्या, आणि पूजा चाले तेव्हा दाराआडून ऐकायचं. पाटावर बसायची ती थोरली जाऊ. दिरांच्या हाताला हात लावून ती पाणी सोडायची आणि मी धुराने चुरचुरणारे डोळे पुसायची. आता माझ्या घरात, माझ्या पाटावर, मी बसणार होते. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

ह्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "तुझ्यासाठी पाटावर बसेन. मंत्र गुरुजी म्हणतील."

गुरुजी म्हणजे पोंक्षेकाका. खजिना कार्यालयात हेडक्लार्क, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या सगळ्या मराठी घरांचे भटजी. सिल्वासात तेव्हा दुसरा कुणी नव्हता. चतुर्थीच्या आठ दिवस आधी ते चौरंगाची जागा बघायला आले. चप्पल काढली, आत पाऊल टाकलं, मान वर केली आणि तसेच उभे राहिले.

"नलिनीताई, हे काय आहे?"

"ह्यांचा छंद," मी खाली बघत म्हणाले.

काका शोकेसजवळ गेले, एकेक चेहरा पाहिला आणि दर चेहऱ्याला एक पाऊल मागे आले. त्यांनी वेगवेगळ्या घरांतले वेगवेगळे चमत्कार पाहिले असतील, पण हा नवाच होता. शेवटी उपरण्याने घाम पुसत म्हणाले, "ज्या खोलीत ही भुतं, त्या खोलीत मी प्राणप्रतिष्ठा करणार नाही. पडदा लावून चालणार नाही. घरातून गेली पाहिजेत. नाहीतर दुसरा भटजी बघा."

दुसरा भटजी वापीला. चतुर्थीला तो तिथली घरं सोडून येणार होता थोडाच!

रात्री मी ह्यांच्यापुढे ताट वाढलं आणि विषय काढला. "पेले समाधानला परत द्या."

"पाच दिवस आतल्या खोलीत ठेवू."

"घरातून गेले पाहिजेत म्हणालेत."

"तो माझा छंद आहे, नलिनी. मी तुझ्या देवांना कधी हात लावलाय?"

"ते देव आहेत! ही काय आहेत?"

"तीही कुणाची तरी..."

त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. चौदा वर्षांचा धूर डोक्यात गेला. उठले, शोकेस उघडली, तो पहिला, वटारलेल्या डोळ्यांचा पेला काढला आणि त्यांच्यासमोर फरशीवर आपटला. निसटला नाही, धक्का लागला नाही. दोन्ही हातांनी उचलून आपटला. एक डोळा शाबूत तुकड्यावर राहिला तो गरगरत जाऊन दाराशी थांबला.

मला वाटलं हे ओरडतील. हात उगारला असता तरी मला बरं वाटलं असतं. हे जेवण सोडून उठले, गुडघ्यांवर बसून तुकडे वेचले, अगदी बारीक कपच्याही, आणि रुमालात बांधून कपाटात ठेवले. मग म्हणाले, "बाकीचे खोक्यात भर. समाधानला निरोप देतो."

त्यानंतर हे माझ्याशी कामापुरतं बोलले. मी जिंकले होते. पोंक्षेकाकांना निरोप गेला, त्यांनी सकाळी आठची वेळ दिली. मूर्ती ठरली, मखर झालं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला, माझा कडक उपास. संध्याकाळी समाधान आला. खोकं न्यायला आला असेल म्हणून मी ते पुढे ओढलं. तर त्याच्याच हातात एक पुडकं होतं, लाल फडक्यात. चेहरा पांढराफटक.

"बाई, साहेब नाहीत?"

"मूर्ती आणायला गेलेत. तुला काय झालं?"

तो बसेना. पुडकं दोन्ही हातांवर धरून उभाच. "कंपनीत नवा साचा आला. वरून सांगितलं, टिकीवालाच गिऱ्हाईक शे, वीस हजार नग, अर्जंट. साचा बंद असतो ना बाई, आतलं तोंड उलटं, अर्धं अर्धं. मी मातीचा घोळ ओतला. सुकल्यावर साचा उघडला..."

त्याने फडकं सोडलं.

गणपती होता. सोंड, सुळे, सुपासारखे कान, कपाळावर गंध. सुरेख, डोळ्यांत भाव. आणि कपाळाच्या वर, जिथे मुकुट हवा, तिथे पेल्याचं उघडं तोंड. आत पोकळ.

"दारूचा पेला?" मी विचारलं.

"तेच तं. आणि बाई, मी त्याले नारळ फोडला. पहिला नग ना."

"पहिला नग म्हणजे?"

"आमची रीत शे. नव्या साच्याचा पहिला नग गिऱ्हाइकाले देत नाहीत. भट्टीतून निघाला का त्याच्या बुडाले कुंकू लावायचं, झिलईवर टिकत नाही, नारळ फोडायचा, हात जोडायचे. मंग पुढचा माल निर्विघ्न निघतो. हाबी पहिलाच. सगळे म्हणाले, शेठने गणपतीसाठी मूर्ती काढली, मोरया मोरया केलं. मंग सुपरवायजरनं खोक्यावरचं चित्र दाखवलं, त्यात दारू आणि बरफ." त्याने पुडकं छातीशी धरलं. "आता पूजा झाली, फोडता येत नाही. घरी ठेवू तं आक्काबाई, मनी आई, ती विचारीन हे काय. तुम्ही देवाधर्माच्या. तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? पण त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या मनात घुसलं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

"समाधान, तू आम्हाला आणून दिलेस ते पेले..."

"पहिलेच नग सगळे. शेठ म्हणे, विकता येत नाहीत, ने. पूजा झालेली वस्तू कचऱ्यात कशी टाकू? साहेब जीव लावून ठेवतात, म्हणून इथं आणत गेलो."

मी खोक्यातला एक पेला काढून उलटा केला. बुडाला झिलई नसते, कोरी भाजलेली माती असते. त्या मातीत बोटाएवढा लाल डाग मुरलेला. दुसरा उलटा केला, तोच डाग. तिसरा, चौथा. सहा वर्षं मी ते धूळ पुसायच्या फडक्याने पुसत होते आणि तो कंपनीचा शिक्का समजत होते.

समाधानने खोक्यात डोकावून पाहिलं. "डोळेवाला कुठं शे? तो मना पहिला साचा. सोनी, मनी पोर, झाली त्या दिवशीचा. मनी बायको ममता, तिने बाळंतिणीच्या हातानं कुंकू लावलं होतं त्याले."

फुटला, असं मी म्हणू शकले असते. भांडी फुटतात. पण उपास होता आणि समोर त्या फडक्यात तो होता. "मी फोडला," मी म्हणाले. "रागाने."

समाधानने हळूच आपल्या दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, माझ्यासाठी. आणि मला इतकी लाज वाटली की धरणी दुभंगावी.

पूजा झालेली मूर्ती अशी फोडत नाहीत, हे मला शिकवायला कुणी नको होतं. तडा गेला तरी आपण अक्षता वाहून, क्षमा मागून पाण्यात सोडतो. मी तर जेवणाच्या ताटासमोर आपटली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

सकाळी आठला पोंक्षेकाका आले. रिकामी शोकेस पाहून प्रसन्न झाले. मूर्ती चौरंगावर, समया लागलेल्या, मोदकांचा वास. समाधान आणि ममताला मी बोलावलं होतं, ती दोघं दाराशी उभी होती. गजानन सोवळं नेसून पाटावर बसले. त्यांच्या उजव्या हाताला माझा पाट. मी जरीचं लुगडं नेसले होते, आईचं. चौदा वर्षं ज्या पाटाची वाट पाहिली तो समोर होता आणि मला त्यावर बसवेना.

"बसा, नलिनीताई, मुहूर्त जाईल."

"काका, मी पूजलेली मूर्ती फोडली आहे. मला बसता येईल का?"

काका दचकले. "कोणती मूर्ती?"

मी सगळं सांगितलं. साचा, पहिला नग, नारळ, कुंकू. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते हसले. "अहो, तो यंत्राला फोडलेला नारळ. दारूच्या पेल्याला कसला आलाय दोष? बसा तुम्ही."

मी आत गेले आणि समाधानकडून ठेवून घेतलेलं लाल फडकं आणून त्यांच्यासमोर सोडलं.

काकांचे हात आपोआप जोडले गेले. "मोरया," तोंडून निघालंच. मग मी तो त्यांच्याकडे थोडा कलता केला, आतली पोकळी दिसेल इतका. काकांचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले.

"शिव शिव! कुणी केलं हे?"

"मी केलं, काका," समाधान दारातून म्हणाला. "ह्याच हातानं. तेबी आणि हेबी."

"असे परदेशात लोकांच्या दारूसाठी जाणार आहेत," मी म्हणाले. "वीस हजार. तिकडे कुणीतरी शोकेस करील. हा पेला की देव, काका? देव असेल तर मी फोडला तोही देव होता, त्यालाही ह्याच माणसाने नारळ फोडला. आणि पेला असेल, तर हा इथेच फोडा. मी काही म्हणणार नाही."

काकांनी त्या सोंडेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो उचलला, फडक्यासकट, आणि तांदळाच्या राशीवर, मूर्तीच्या बाजूला ठेवला.

"प्रायश्चित्त सांगा मला," मी म्हणाले.

"प्रायश्चित्ताला संकल्प लागतो," ते अडखळत म्हणाले. "ज्या देवतेचा अपराध झाला तिचं नाव उच्चारावं लागतं. नाव काय होतं?"

मला नाव माहीत नव्हतं. सहा वर्षं माझ्या घरात राहिला तो, आणि मी त्याला ध्यान म्हणाले, भूत म्हणाले, राक्षस म्हणाले. समाधानलाही ठाऊक नव्हतं, त्याच्या कागदावर फक्त नग क्रमांक असे. मी वळून गजाननांकडे पाहिलं. आठ दिवस ज्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं, ते मान खाली घालून पाटाकडे बघत होते.

"लोनो," ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले. "लोनो त्याचं नाव. पावसापाण्याचा आहे. पिकांचा. वर्षातले चार महिने त्याचे, तेव्हा तिकडे कुणी लढाई करत नसत."

आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्यांदेखत. तेव्हा मला कळलं की मी ह्यांचा नुसता छंद फोडला नव्हता.

मी पाटावर बसले. काकांनी माझ्या ओंजळीत अक्षता घातल्या, पळीने पाणी घातलं, डोळे मिटले आणि ओळखीचे शब्द म्हणायला लागले. तिथी, वार, नक्षत्र झालं. नावाशी येऊन थांबले. मला वाटलं उठतात आता. मग अगदी हळू, बाहेर कुणी ऐकेल की काय अशा आवाजात त्यांनी ते नाव घेतलं, आणि मला म्हणाले, "सोडा उदक."